सदतीस पॉइंट सहा

खापरवाडी, ता. तेल्हारा
२४ फेब्रुवारी २०२५

भगवंतराव भाऊजींना माणिकबाईचा नमस्कार.

हे गेले अन् तुमी अमरावतीहून दहाव्याले आले तेव्हा गर्दीत काही बोलणं झालं नाही. फोनवर तुमाले ऐकू येत नाही हे यायच्याकडून ठाऊक होतं. तुमची दोघांची तं जन्मभर पत्रंच चालली. म्हणून मीही लिहूनच राहिली. सातवी शिकली हाये, चुका पोटात घालजा.

काम असं की यायची सायकल पडवीत उभी हाये. तिच्या हॅण्डलवर तुमी दिलेलं मीटर तसंच हाये. बिनतारी, थे. २०१९ च्या दिवाळीले थे घेऊन हे अमरावतीहून आले तेव्हा लेकरावाणी खूश होते. पावसात स्वतः भिजत, पण मीटरवर पन्नी बांधत. रोज सांजच्याले जेवताना एकूण किती किलोमीटर झाले थे सांगत. मी म्हणे, त्यानं पोट भरते का. तरी सांगतच.

आता मी रोज सकाळी बटण दाबून पाहते. आकडा उमटते, बरं वाटते. पण चार दिवसांपासून त्यात सेलचं चित्र लुकलुक करून राहिलं अन् आकडे फिक्के झाले. नितेश रविवारी अकोल्याहून आला होता. तो म्हणे, आई, घड्याळवाल्याकडून नवा सेल टाकून घे, त्यात काय. पण यायनंच एक डाव मले सांगितलं होतं, का सेल काढला तं हे यंत्र सगळं विसरून जाते. पाच वर्षांचा आकडा हाये भाऊजी. थो जाऊ नये असं काही करता येते का, लिहून कळवा.

बाकी ठीक. वावरात भेंडी टाकली. दहाव्याले नत्थूदादाही आला होता, तुमी पाह्यलं असेल. पोराचा हात धरून आला, मोठ्या पाहुण्यावाणी मधात बसला, माह्याकडं एक डाव पाह्यलंसुद्धा नाही. अन् गेला. मीही बोलली नाही. माय गेली तेव्हा ज्यानं बहिणीची वाट पाह्यली नाही, त्याच्याशी काय बोला.

माणिकबाई

-

अमरावती
३ मार्च २०२५

सौ.

खोडलं, वहिनी. हात सवयीनं जातो. क्षमा करा.

माणिकवहिनींना नमस्कार. तुमचं पत्र वाचून शेषरावच बोलतो आहे असं वाटलं. आकड्याचं वेड त्याला मीच लावलं. १९७८ साली अकोल्याला आम्ही दोघं एकाच दुकानात कामाला होतो. भाड्याच्या सायकलींचं दुकान, तासावर सायकल. मालकाच्या स्वतःच्या सायकलला एक पितळी मीटर होतं. पुढच्या चाकाच्या तारेला खिळी लावलेली, ती प्रत्येक फेरीला मीटरच्या दात्याला टिचकी मारायची. टिक, टिक, टिक. मालक गल्लीत शिरला की आम्हाला आधी ती टिकटिक ऐकू यायची आणि आम्ही पटकन पंक्चर काढायला बसायचो.

त्याच वर्षी आम्ही सायकलनं अकोल्याहून अमरावतीला आलो. मूर्तिजापूरला भजी खाल्ली, बडनेऱ्याला शेषरावची चेन तुटली. किती अंतर झालं यावरून आमचं जे भांडण लागलं ते चाळीस वर्षं चाललं. मी म्हणायचो मैलाच्या दगडावर लिहिलंय तेवढं. तो म्हणायचा, दगड सरळ जातात, आपण खड्डे चुकवत आलो, ते कोण मोजणार? म्हणून तो साठीचा झाल्यावर मी त्याला माझ्या इथल्या सायकल दुकानातलं मीटर दिलं. म्हटलं घे, मोज आता तुझे खड्डे.

आता कामाचं. या जातीच्या मीटरमध्ये सेल काढला की सगळं शून्य होतं हे खरं. पण एकूण आकडा परत भरता येतो. पद्धत अशी:

सेल काढायच्या आधी बटण एकेकदा दाबत जा. वेग, वेळ, फेरी, एकूण असे आकडे पाळीपाळीनं येतील. तुम्हाला फक्त एकूण लिहून घ्यायचा आहे. फेरीचा आकडा घेऊ नका, तो कामाचा नाही. मग नाण्यानं मागचं झाकण फिरवा, सेल बदला. मीटर आधी चाकाचा घेर विचारेल. त्या सायकलचा २२२० मिलिमीटर भरा. नंतर बटण पाच सेकंद दाबून धरलं की एकूणचे आकडे लुकलुकतील, ते एकेक करून भरा. सगळ्याला एकच बटण आहे, हा त्याचा मोठा दोष. आकडा पुढे गेला तर पुन्हा नऊपर्यंत जाऊन शून्यावरून यावं लागतं. घाई करू नका.

काही अडलं तर लिहा. तब्येत सांभाळा.

भगवंतराव

-

खापरवाडी
१४ मार्च २०२५

भाऊजींना नमस्कार.

सेल टाकला. एकूण आकडा १३८४६ परत भरला. आठाच्या जागी नऊ झाला म्हणून तीन डाव पहिल्यापासून करा लागलं. हे यंत्र बनवणाऱ्याच्या बायकोनं त्याले एक डाव तरी स्वयंपाकघरात उभं करा लागते, मंग समजेल का हाताले काय सोपं अन् काय कठीण. पण जमलं.

आता दुसरं. तुमी म्हटलं फेरीचा आकडा घेऊ नका. पण मी पुडीचा कागदसुद्धा वाचून फेकणारी बाई, सगळेच आकडे उतरवून घेतले. फेरीचा निघाला ३७.६.

हे रोज सकाळी निघताना फेरी शून्य करत, मले माहीत हाये, कारण त्यासाठी पाच मिनिट दारात उभे राहत अन् चहा थंडा होत होता. शेवटची सायकल चालवली थे ९ जानेवारीले. गुरुवार होता. दर गुरुवारसारखेच भाजी घेऊन तेल्हाऱ्याले गेले. शुक्रवारी पहाटे झोपेतच गेले. म्हणजे थे ३७.६ त्या गुरुवारचे.

तेल्हारा इथून साडेपाच. जाणं-येणं अकरा. मंग बाकीचे साडेसव्वीस किलोमीटर कुठी गेले?

हे मले सांगत, भाजी देऊन झाली का कृषी केंद्रावर गप्पा मारत बसतो, म्हणून सांज होते. मी कधी विचारलं नाही. आता दोन दिवसांपासून डोक्यात हेच चाललं. छातीत दुखत होतं अन् चोरून कोण्या डॉक्टरकडं जात होते का? का आणखी कोणतं घर होतं, जिथं गुरुवारी जा लागे? बाईच्या मनात काय काय येते थे तुमाले सांगा लागत नाही. तुमी त्यायचे जिवाचे मित्र. जे असेल थे लिहा. वाईट असलं तरी लिहा.

माणिकबाई

-

अमरावती
२२ मार्च २०२५

माणिकवहिनींना नमस्कार.

पत्र मिळालं. तुम्ही मनाला नसता घोर लावून घेतलाय. शेषरावसारख्या माणसाबद्दल असलं काही मनात आणू नका, एवढं मी शपथेवर सांगतो.

राहिला आकडा. बिनतारी मीटरचा भरवसा धरू नये, हे मी सायकलवाला म्हणून सांगतो. जुन्या तारेच्या मीटरची तार पोत्यात अडकून तुटायची, पण ते खोटं बोलत नसे. बिनतारीत सगळा हवेतला कारभार. चाकाच्या तारेवर लोहचुंबक, फोर्कवर त्याची डबी, डबीतून संदेश हॅण्डलवर. मध्ये विजेची टॉवर लाईन आली, मोटारपंप चालू असला, तर आकडे आपोआप वाढतात. लोहचुंबक सरकलं तर एका फेरीच्या दोन मोजतं. चाकाचा घेर चुकीचा भरला असेल तर दहाचे पंधरा दिसतात. माझ्या दुकानात अशी चार मीटरं परत आली आहेत.

तेव्हा त्या ३७.६ च्या नादी लागू नका. एकूण आकडा आठवण म्हणून ठेवा आणि तो फेरीचा कागद फाडून टाका.

भगवंतराव

-

खापरवाडी
६ एप्रिल २०२५

भाऊजींना नमस्कार.

कागद फाडला नाही. मीटर खरं का खोटं, थे स्वतः मोजून पाह्यलं.

पहिले चाकाचा घेर पाह्यला. टायरवर अन् जमिनीवर खडूची खूण केली, सायकल एक फेरी ढकलली, शिलाईच्या टेपनं मोजलं. दोन मीटर एकवीस सेंटिमीटर. तुमचे २२२०. एक सेंटिमीटरचा फरक, थो माह्या हाताचा असेल.

मंग चुंबक पाह्यलं. घट्ट हाये. यायनं त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली हाये, हालाचा सवालच नाही.

मंग सायकल घेऊन टॉवर लाईनखाली गेली, तिथी फेरी शून्य केली. अर्धा तास उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. येणारे-जाणारे विचारत, काकू, पंक्चर झाली का. आकडा शून्याचा शून्य. विहिरीवर पुन्हा शून्य करून मोटार चालू केली, सायकल तिले टेकवून ठेवली. शून्य.

शेवटी काल तेल्हाऱ्याच्या रस्त्यानं निघाली. मले सायकल चालवता येत नाही, हातानं ढकलत गेली. एका दगडापाशी शून्य करून निघाली अन् त्याच्यापुढच्या पाचव्या दगडाले थांबली. मीटरात ४.९८. पाच किलोमीटरात वीस मीटरची चूक. भाऊजी, यापेक्षा मोठी चूक तं तुमच्या मागच्या पत्रात हाये.

घरी येऊन पाय शेकत बसली. तेव्हा समजलं का यंत्र खरं हाये अन् माणूस खोटं बोलून राहिला. तुमाले सगळं माहीत हाये. म्हणूनच तुमी मले पहिल्याच पत्रात लिहिलं, फेरीचा आकडा घेऊ नका.

चव्वेचाळीस वर्षं मी त्यायच्या घरात राह्यली. माह्या नवऱ्याच्या शेवटच्या दिवसातले साडेसव्वीस किलोमीटर कोण्या हिशेबानं तुमच्याजोळ राहावं? मले सांगा, नाहीतं यापुढं पत्र लिहू नका.

माणिकबाई

-

अमरावती
१५ एप्रिल २०२५

माणिकवहिनी,

हरलो. दुकानात आजवर एवढी गिऱ्हाइकं आली, पण मीटरची अशी परीक्षा कोणी घेतली नव्हती. ते मीटर चांगलं आहे. मी त्याला खोटं पाडलं, कारण मी शेषरावला शब्द दिला होता. तो आता मोडतो आहे. चूक की बरोबर, ठाऊक नाही. पण तुम्ही ज्या शंका लिहिल्या, त्या वाचल्यावर गप्प राहणं हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखं आहे.

मी माझ्या शब्दांत सांगत नाही. त्याचंच एक पत्र सोबत पाठवतो. अशी बरीच आहेत माझ्याकडे. वाचून झालं की मला परत नको. ते तुमचंच आहे.

भगवंतराव

(सोबतचं पत्र)

खापरवाडी
१९ नोव्हेंबर २०२१

भगवंता,

काल गुरुवार होता, हिवरखेडले जाऊन आलो. तुह्या मीटरात सदतीस पॉइंट सहा. दर डाव तेवढेच येते, एक पॉइंट इकडं नाही का तिकडं नाही. आता तरी मान्य कर का मी खड्डे मोजतो.

नत्थूजीले आता लय कमी दिसते. काचबिंदू म्हणतात. माणूस समोर उभा राह्यला तरी सावलीवाणी दिसते म्हणे. मले घंटीवरून ओळखते. गुरुवारी दुपारी ओट्यावर येऊन बसलेला असते, मी गेलो नाही तं सांजपर्यंत उठत नाही असं त्याची सून सांगत होती. थैली मांडीवर घेते अन् एकेक वांगं चाचपून पाहते. म्हणते, माणिकनं देठ ठेवून धाडली, मायही अशीच ठेवे. मी हो म्हणतो.

तुले म्हणून सांगतो, हे खोटं मी ठरवून नाही केलं. सासूबाई गेल्यावर माणिक त्या घरच्या पाण्यालेही शिवणार नाही म्हणून निघाली, हे तुले माहीत हाये. थो मे महिना, उन्हात मढं किती येळ ठेवाव असं म्हाताऱ्या लोकायनं म्हटलं अन् नत्थूजीनं ऐकलं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तिचंही चूक नाही. एका मायची एक पोरगी. पण दोघंही एकाच मायचे, कोणी पहिले बोलाले तयार नाही. वर्षभर पाह्यलं अन् एक दिवस मीच गेलो. सरळ सांगणार होतो का मी आपल्या मनानं आलो. पण त्यानं दारातच विचारलं, ‘तिनं धाडलं का?’ त्याचा चेहरा पाहून माह्या तोंडातून हो निघून गेलं. एक डाव हो म्हटलं का मंग दर गुरुवारी हो म्हणा लागते.

काल त्यानं आंगणातल्या झाडाचे आवळे देले. घरी सांगितलं, तेल्हाऱ्याहून आणले. माणिकनं एक चाखला अन् म्हणते, आवळे तं आमच्या घरचे होते, हे बाजारचे निस्ते तुरट. मी तोंड फिरवून हसून घेतलं.

हे तिले कधी सांगजो नको. तिच्या पायानं ती ज्या दिवशी जाईल, थो दिवस मले पाहाचा हाये. कोणी सांगितल्यानं गेली तं काय गेली.

गुडघा दुखते, पण सायकलवर नाही दुखत. खाली उतरलो का दुखते.

तुहा
शेषराव

-

अमरावती
२ जून २०२५

माणिकवहिनींना नमस्कार.

दीड महिना झाला, तुमचं पत्र नाही. रागावलात तर तो तुमचा हक्क आहे. मी नितेशला फोन करायला माझ्या नातीला सांगितलं. तो म्हणाला, आई ठीक आहे, वावरात जाते, फारसं बोलत नाही.

ते पत्र पाठवल्यापासून मला चैन नाही. शेषरावची इच्छा होती की तुम्ही आपल्या मनानं जावं, आणि मी सांगून टाकलं. आता तुम्ही गेलात तरी ते माझ्या सांगण्यानं होईल आणि नाही गेलात तरी माझ्या सांगण्यानं. दोन्हीकडून त्याचं नुकसान मीच केलं.

दुकान आता मुलगा पाहतो. मी बाहेर खुर्ची टाकून बसतो. भाड्यानं सायकल मागायला आता कोणीच येत नाही. कधीतरी एखादा माणूस काळी, मोठ्या दांड्याची सायकल घेऊन समोरून जातो आणि माझी मान वळते.

दोन ओळी लिहा. शिव्या दिल्या तरी चालतील.

भगवंतराव

-

खापरवाडी
१३ जून २०२५

भाऊजींना नमस्कार.

तुमाले खोटारडे म्हटलं, त्याबद्दल माफी मागणार होती. आता मागत नाही, कारण काल मीही तुमच्या पंगतीत येऊन बसली. कसं थे सांगते.

यायचं पत्र वाचलं त्या दिवशी चूल पेटवली नाही. पहिले राग आला. मले सोडून सगळ्यायले माहीत. इथल्या दोघातिघायलेही माहीत होतं म्हणे, कोणी बोललं नाही. मंग दुसराच विचार आला. दहाव्याले दादा पोराचा हात धरून आला, मी तुमाले लिहिलं का मोठ्या पाहुण्यावाणी आला. माह्याकडं पाह्यलं नाही म्हणून लिहिलं. थो कसा पाहील? त्याले मी कुठी बसली थेच दिसत नव्हतं. अन् मी दोन हातांवर बसून तोंड फिरवून घेतलं.

त्याच आठवड्यात जावं असं वाटलं. पण ‘कोणी सांगितल्यानं गेली तं काय गेली’ या यायच्या वाक्यानं मले घरात बसवलं. तीन गुरुवार थैली भरली अन् तिन्ही डाव सांजच्याले तीच भाजी घरात रांधली. मनात म्हणे, हे माह्या मनानं हाये का भगवंतरावच्या पत्रानं हाये? कसं ठरवाव? शेवटी परवा वावरात वांगी तोडता तोडता मले माह्याच वागण्याचं हसू आलं. एक आंधळा माणूस पाच महिन्यांपासून ओट्यावर बसून राह्यला, अन् मी इथं मनाचं माप काढून राहिली. माप काढाची सवय या मीटरनं लावली असेल. थैली भरली अन् काल सकाळच्या एसटीनं गेली.

दादा ओट्यावरच होता. आंगानं अर्धा झाला. केस सगळे गेले. मी समोर उभी राह्यली तं विचारलं, कोण हाये. मी थैली त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं आत हात घातला, वांगं काढलं, देठ चाचपला.

मंग म्हणे, “माणिक, तू स्वतः आली?”

मी त्याच्या बाजूले बसली. सुनेनं पाणी आणलं अन् बोलता बोलता मी गिलास रिकामा केला, थे मागून ध्यानात आलं. त्यानं मायच्या दिवसाचं सगळं सांगितलं, मी विचारलं नव्हतं तरी. लोक घाई करून राह्यले होते, हा फाट्यावर चार वाजेपर्यंत उभा होता, मंग लोकायनं ओढून नेलं. म्हणे, मी आणखी एक तास अडून बसतो तं काय झालं असतं, सात वर्षं हाच विचार करून राहिलो. मी म्हटलं, उन्ह होतं दादा. एवढंच म्हटलं. हे वाक्य सात वर्षांआधी म्हटलं असतं तं किती कामं सोपी झाली असती.

घरून निघताना मी ठरवून निघाली होती का त्याले खरं सांगाचं. थैल्या मी धाडल्या नाही, यायनं धाडल्या. ज्याचं पुण्य त्याच्या नावानं लागलं पाहिजे. तुमाले खऱ्यासाठी इतकी बोलली, मंग स्वतः कसं खोटं बोलाव? तोंड उघडणारच, तं दादा म्हणे, “लोक म्हणत, बहिणीनं तोडलं तुले. मी सांगे, थैली येते ना दर गुरुवारी. रुसली हाये, तुटली नाही.”

मंग त्यानं माहा हात शोधला अन् विचारलं, “राग असतानी कशी भरत होती वं?”

भाऊजी, त्याच्या त्या डोळ्यांत काही दिसत नाही, पण थे माह्याकडंच लावलेले होते. सहा वर्षं त्या एका थैलीच्या आधारानं हा माणूस गावात मान वर करून बसला. थो आधार मी काढून घेऊ, अन् देऊ काय त्याच्या बदल्यात? खरं?

मी म्हटलं, “राग होता दादा. तरी भरत होती.”

थो हसला. त्याले दात दोनच राह्यले. मंग जेवण झालं. सुनेनं पोळ्या जाड केल्या होत्या, पण वरण चांगलं होतं. दादा म्हणे, शेषराव देवमाणूस होता, तुह्या कामासाठी इतकं अंतर तुडवे. मी मान हलवली. म्हणजे यायचं पुण्य यायच्या नावानं थोडंसं तरी लागलेलं हाये.

तुमी मनाले लावून घेऊ नका का तुमच्या सांगण्यानं गेली. जाणं तुमच्या सांगण्यानं झालं असेल. पण जे बोलली थे मले कोणी सांगितलं नव्हतं. यायले पाहाचं होतं थे असंच काही असेल, असं मी धरून चालते.

आता शेवटचं. परतीच्या एसटीत खिडकीजोळ बसली होती. जाताना मनात दुसरंच होतं म्हणून रस्ता पाह्यलाच नाही. येताना पाह्यला. तेल्हाऱ्याच्या पुढं एक नाला लागते. पूल खाली हाये. हिवरखेडच्या अंगानं उतार हलका, पण तेल्हाऱ्याच्या अंगानं चढ असा काही उभा हाये का आमची एसटी पहिल्या गिअरमध्ये कण्हत वर आली. म्हणजे जाताना इकडून उतरा लागे अन् येताना थो चढ, दिवसभराच्या थकव्यात. बाजूच्या बाईले विचारलं, इथी सायकलवाले काय करत असतील. ती म्हणे, उतरून ढकलतात बाई, दुसरं काय करतील. मंग मले दिसलं, उन्हात सायकल ढकलून राह्यले, गुडघा दुखते, मागं आवळ्याची थैली बांधली हाये, अन् घरी जाऊन काय सांगाव याचा विचार करून राह्यले.

मीटरात किलोमीटर खरे येतात, थे मी तपासून पाह्यलं. चढ त्यात येत नाही.

पुढच्या गुरुवारी जाते. दादाले भेंडी पाहिजे, कवळी. तुमचं अमरावतीहून इकडं येणं झालं तं दोघं मिळून जाऊ, एसटीनंच. पण त्या चढापाशी मले उतरून पायी चढाचं हाये, तुमी बसून राहजा.

माणिकबाई